स्पेअर विमान नसलेल्या एअरलाइन्स

प्रश्न असा आहे की ज्या देशांची लोकसंख्या एखाद्या मध्यम शहराएवढीही नाही त्यांना स्वतःची विमान कंपनी कशाला लागते, ती बहुतेक वेळा तोट्यात असूनही चालू कशी राहते, आणि यातल्या कुठल्या कंपन्या खरंच बघण्यासारख्या आहेत. मी वीसेक वर्षं आधी मेंटेनन्स प्लॅनिंग आणि मग लीजवरच्या विमानांची तपासणी या कामात काढली, म्हणजे विमानाच्या मालकाच्या वतीने जाऊन बघायचं की भाडेकरू एअरलाइनने ते नीट ठेवलंय का, त्यामुळे मोठ्या कंपन्यांपेक्षा दोन-चार विमानंवाल्या कंपन्याच जास्त जवळून बघितल्या. म्हणून उत्तर हँगरच्या बाजूने येईल, ब्रँड, जाहिरात, एअर होस्टेसचा युनिफॉर्म वगैरे माझा प्रांत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. छोट्या एअरलाइनचं नशीब तिच्या मार्गांवर किंवा तिकिटाच्या दरावर जेवढं ठरतं त्यापेक्षा जास्त एकाच प्रश्नावर ठरतं, एक विमान बंद पडलं तर काय? तीनशे विमानं असणाऱ्या कंपनीत एक बंद पडलं तर कंट्रोल रूममधला माणूस चहाचा कप खाली न ठेवता दुसरं लावतो. दोन विमानं असणाऱ्या कंपनीत अर्धा देश बंद पडतो. आणि विमान बंद पडणं हे काही अपघाती नाही, ते ठरलेलंच असतं, दर दीड-दोन वर्षांनी सी चेक नावाची मोठी तपासणी येते, त्यात विमान दोन-तीन आठवडे जमिनीवर, आतून गंज निघाला तर जास्त. इंजिन उतरवून शॉपला पाठवलं तर महिने, आणि बिल कित्येक दशलक्ष डॉलरचं. एका विमानामागे पायलटच्या पाच-सहा जोड्या लागतात, इंजिनिअर लागतात, सेफ्टी मॅनेजर, ट्रेनिंग मॅनेजर, क्वालिटी मॅनेजर ही सगळी पदं परवान्यासाठी भरावीच लागतात, विमान एक असो की पन्नास. म्हणजे खर्च मोठ्या कंपनीचा आणि कमाई एका विमानाची.

एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव नको. बेटांचा देश, दोन टर्बोप्रॉप म्हणजे पंख्यांची छोटी विमानं. एक परदेशात चेकसाठी गेलेलं. दुसऱ्याच्या कॉकपिटच्या पुढच्या काचेच्या बाहेरच्या थराला तडा गेला, मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या बाहेर, म्हणजे विमान जागेवर खिळलं. काच स्टोअरमध्ये नाही कारण कुणी एवढी महाग काच शेल्फवर ठेवत नाही. काच मिळाली दुसऱ्या देशात, पण आणायची कशी? त्या बेटावर येणारं एकमेव विमान तेच, जे काचेवाचून उभं होतं. शेवटी काच शेजारच्या मोठ्या बेटापर्यंत दुसऱ्या कंपनीच्या कार्गोने आणि तिथून बोटीने आली, लाकडी क्रेट दोघांनी धरून धक्क्यावर उतरवला, आणि मग बसवल्यावर सीलंट वाळायला जे तास लागतात ते लागलेच, त्यात घाई करता येत नाही. पाचव्या दिवशी विमान उडालं. तोपर्यंत टर्मिनलच्या बाकावर जी माणसं बसून होती त्यात एक जण डायलिसिससाठी निघालेला होता, त्याला दुसऱ्या दिवशी मासेमारीच्या बोटीतून पाठवलं. तेव्हापासून मला कुणी विचारलं की एवढ्याशा देशाला एअरलाइन कशाला, तर मी वाद घालत नाही.

आता नावं घेऊन बोलू. सुरुवात नाउरूपासून, कारण त्यात सगळं आलं. पॅसिफिकमधलं २१ चौरस किलोमीटरचं बेट, फॉस्फेटच्या खाणींमुळे १९७० च्या दशकात माणशी उत्पन्नात जगातल्या वरच्या देशांत. एअर नाउरू सुरू झाली १९७० मध्ये, एका छोट्या फाल्कन जेटने, आणि पैसा हातात होता म्हणून पुढे बोईंग ७२७ आणि ७३७ घेत गेले, एवढे की सगळी विमानं एकदम उडाली असती तर देशातला साधारण दहावा हिस्सा हवेत असता. मार्ग पॅसिफिकभर, आणि विमानं बऱ्याचदा जवळपास रिकामी. यात मूर्खपणा होता असं लोक म्हणतात, पण पूर्ण मूर्खपणा नव्हता, कल्पना अशी होती की फॉस्फेट संपल्यावर बेट पॅसिफिकचं जंक्शन होईल. फॉस्फेट आधी संपलं, जंक्शन काही झालं नाही. विमानं एकेक करत विकली आणि डिसेंबर २००५ मध्ये शेवटचं उरलेलं ७३७-४०० सुद्धा अमेरिकेच्या एक्झिम बँकेने, म्हणजे निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेने, कर्ज थकलं म्हणून ताब्यात घेतलं. देशाची एअरलाइन, विमानं शून्य. पुढे तैवानच्या मदतीने एक ७३७-३०० आलं, कंपनीचं नाव काही वर्षं ‘अवर एअरलाइन’ होतं, २०१४ पासून नाउरू एअरलाइन्स.

आणि आता गंमत बघा, ती आज जिवंत आहे ती का. मुख्य तळ ब्रिस्बेनला, देखरेख ऑस्ट्रेलियाच्या नियामकाची, विमानांच्या शेपटीजवळची अक्षरं ‘व्हीएच’ म्हणजे ऑस्ट्रेलियन नोंदणी, नाउरूची स्वतःची ‘सी२’ नाही. ब्रिस्बेनहून होनियारा, नाउरू, तरावा, माजुरो अशी बेटांवरून उड्या मारत जाते, आणि मधल्या वेळात चार्टर आणि मालवाहतूक करून पैसे काढते. म्हणजे झेंडा शेपटीवर ठेवला आणि बाकी सगळं जिथे इंजिनिअर आणि पार्ट मिळतात तिथे नेलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, जरी देशाभिमानवाल्यांना ते खुपत असलं तरी.

याच्या बरोबर उलट टोकाला भूतानची ड्रुकएअर. १९८१ ला स्थापना, १९८३ ला पारोहून कोलकात्याला पहिली सेवा, विमान डॉर्नियर २२८, अठरा सीटांचं. मग १९८८ पासून बीएई १४६, चार इंजिनवालं, आणि २००४ पासून एअरबस ए३१९. हा क्रम बघून लोकांना वाटतं पैसा आला तसं मोठं विमान घेतलं, पण इथे विमान निवडलंय डोंगरांनी. पारोचा विमानतळ समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर, अरुंद खोऱ्यात, आजूबाजूला पाच-साडेपाच हजार मीटरपर्यंतची शिखरं. पायलट डोळ्यांनी दरी बघत वळणं घेत खाली येतात, रनवे अगदी शेवटी समोर दिसतो, म्हणून उड्डाणं दिवसाउजेडी आणि दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो म्हणून शक्यतो सकाळी. एवढ्या उंचीवर हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाला ताकद कमी, आणि टेकऑफला एक इंजिन गेलं तरी उरलेल्या इंजिनावर त्या दरीतून वर निघता आलं पाहिजे हा हिशोब आधी कागदावर जमावा लागतो. ए३१९ घेतलं कारण ते आखूड, हलकं आणि वजनाच्या मानाने इंजिन दणकट. तरीही पारोहून टाकी भरून लांब जाणं जमत नाही, म्हणून बँकॉकला जाताना बऱ्याचदा मध्ये बागडोगरा, गुवाहाटी किंवा कोलकात्याचा थांबा असतो. पारोला उतरण्यासाठी वेगळं ट्रेनिंग लागतं आणि ते असलेले पायलट जगात मोजकेच, त्यामुळे बाहेरची मोठी कंपनी येऊन स्वस्त तिकिटांनी हिला संपवेल ही भीती जवळपास नाही, डोंगरच हिचं राखण करतात. अर्थात देशातल्या देशात भूतान एअरलाइन्स नावाची खाजगी कंपनी आहे, तीही ए३१९ वालीच.

इथून थेट आदिस अबाबाला जाऊ, कारण उंचीचा प्रश्न तिथेही तोच. इथिओपियन आता छोटी नाही, आफ्रिकेतली सगळ्यात मोठी आहे, पण ‘सरकारी कंपनी म्हणजे तोटा’ असं कुणी म्हणालं की मी हिचं नाव पुढे करतो. डिसेंबर १९४५ ला स्थापना, अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीशी करार करून, आणि एप्रिल १९४६ मध्ये पहिलं उड्डाण कैरोला, युद्धातून उरलेल्या सी-४७ विमानाने. पंचवीस वर्षं वरच्या खुर्च्यांवर अमेरिकन होते पण त्या काळात त्यांनी इथिओपियन पायलट आणि मेकॅनिक तयार केले, स्वतःची शाळा, स्वतःचं हँगर, आणि हेच पुढे कामाला आलं. १९७४ नंतर लष्करी राजवट आली, देशात दुष्काळ, यादवी, सगळं झालं, पण एअरलाइन बऱ्यापैकी धंदा म्हणूनच चालू दिली. आज शंभर टक्के मालकी सरकारची आहे. हँगरमध्ये गेलात की कळतं फरक कुठे आहे, दुसऱ्यांची विमानं रांगेत उभी असतात, म्हणजे मेंटेनन्स हा खर्चाचा खड्डा न राहता कमाईचं दुकान झालेलं असतं.

आणि उंची? आदिसचा विमानतळ २३०० मीटरच्या वर, अमेरिकेला जाणारं विमान तिथून पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन निघू शकत नाही. मग थांबा घ्यायचाच तर तो कमाईचा का नको, म्हणून न्यूअर्कची फ्लाइट टोगोमधल्या लोमेला थांबवली, तिथे आस्काय नावाच्या कंपनीत हिस्सा घेतला, आस्काय पश्चिम आफ्रिकेतून माणसं गोळा करून लोमेला आणते आणि तिथून ती इथिओपियनच्या विमानात बसतात. अडचणीचा असा धंदा करणं सगळ्यांना जमत नाही.

आइसलँडनेही हेच केलं, फक्त भूगोल त्यांच्या बाजूने होता. लोकसंख्या चार लाखांच्या आत, पण बेट युरोप आणि अमेरिकेच्या बरोबर मध्ये. लॉफ्टलायडिर ही त्यांची जुनी कंपनी १९६० च्या दशकात आयाटा या एअरलाइन्सच्या संघटनेच्या दरपत्रकाबाहेर राहून अटलांटिकपार स्वस्त तिकिटं विकायची, झोळीवाले तरुण त्यातूनच युरोपला जायचे. १९७३ मध्ये ती आणि दुसरी कंपनी एकत्र होऊन आजची आइसलँडएअर झाली. सकाळी अमेरिकेकडची विमानं येतात, युरोपकडची निघतात, संध्याकाळी उलट, घड्याळासारखं. पण त्याच बेटावर तेच मॉडेल घेऊन जोरात वाढलेली वॉव एअर मार्च २०१९ मध्ये बसली, तेव्हा जागा चांगली असली की झालं असं नाही.

ग्रीनलँडबद्दल जरा थांबून लिहितो कारण तिथे मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. सत्तावन्न हजारांच्या आसपास लोकसंख्या, दोन गावांना जोडणारा रस्ताच नाही. एअर ग्रीनलँड १९६० पासूनची, गावागावांत हेलिकॉप्टर आणि डॅश ८ ही टर्बोप्रॉप विमानं, आणि डेन्मार्कला जायला एकच मोठं विमान. आता ते एअरबस ए३३०-८००, लालभडक, डिसेंबर २०२२ मध्ये आलेलं, नाव टुक्काक. वर्षानुवर्षं त्यांचं जंक्शन कांगरलुसुआक होतं, अमेरिकन सैन्याने दुसऱ्या महायुद्धात बांधलेला तळ, किनाऱ्यापासून आत, हवा स्वच्छ, रनवे लांब, पण गाव जवळपास नाहीच, म्हणजे डेन्मार्कहून राजधानी नूकला जाणारा प्रत्येक माणूस आधी तिथे उतरायचा आणि मग छोट्या विमानात बसायचा कारण नूकचा रनवे हजार मीटरही नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये नूकला २२०० मीटरचा नवा रनवे सुरू झाला आणि जंक्शन तिकडे हललं. लोकांना आनंद, पण ऑपरेशन्सवाल्यांना विचारा, नूक समुद्राकाठी, तिथली हवा लहरी, आणि मोठं विमान एकच. ते चेकला गेलं की बाहेरून वेट लीजवर विमान आणावं लागतं, म्हणजे विमान, क्रू, मेंटेनन्स, विमा सगळं दुसऱ्याचं, तासाच्या भावाने.

वेट लीजला कमी समजू नका बरं का. एमिरेट्सने ऑक्टोबर १९८५ मध्ये पहिलं उड्डाण कराचीला केलं ते पाकिस्तानच्या पीआयएकडून घेतलेल्या भाड्याच्या विमानांवरच. सुरुवातीला किंवा अडचणीत वेट लीज म्हणजे कुबडी, आणि वर्षानुवर्षं वापरली तर पाय निकामी.

मग तोटा भरतं कोण? इथे दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करतात. एक, सरकार उघडपणे सेवा विकत घेतं. नॉर्वेची विडेरो बघा, १९३४ ची कंपनी, उत्तरेकडच्या फियॉर्डमधल्या गावांत आठशे मीटरच्या रनवेवर डॅश ८ उतरवते. ते मार्ग सरकार टेंडर काढून देतं, इतक्या फेऱ्या, इतक्या सीटा, कमाल भाडं इतकं, त्यासाठी एवढे पैसे, संपलं. याला मी तोटा म्हणतच नाही, हा रस्ता बांधण्यासारखा खर्च आहे. त्यांची खरी डोकेदुखी वेगळीच, एवढ्या आखूड रनवेवर उतरणारं चाळीस सीटांचं नवं विमान आज कुणी बनवतच नाही, जुनी डॅश ८ जपून जपून चालवायची.

दुसरा प्रकार म्हणजे सरकार वर्षअखेरीला गुपचूप खड्डा भरतं आणि बदल्यात मंत्र्याच्या गावाला फ्लाइट, मेहुण्याला नोकरी, निवडणुकीआधी नवा मार्ग. हा प्रकार मी खूप बघितलाय. युरोपियन युनियनमध्ये याला चाप बसला कारण तिथे सरकारी मदतीवर नियम आहेत, आणि त्यात एकामागोमाग राष्ट्रीय कंपन्या गेल्या, हंगेरीची मालेव फेब्रुवारी २०१२, सायप्रस एअरवेज जानेवारी २०१५, एस्टोनियन एअर नोव्हेंबर २०१५. मालेवचा शेवटचा दिवस आमच्या धंद्यात अजून सांगतात, आधी घेतलेली मदत परत करायचा आदेश आल्यावर ज्यांचं देणं होतं ते सगळे रोख पैसे मागायला लागले, डब्लिन आणि तेल अवीवला विमानं अडवून ठेवली, आणि सकाळी सहाला कंपनीने उडणंच थांबवलं. माल्टाने शहाणपणा केला, एअर माल्टा ३० मार्च २०२४ ला बंद आणि दुसऱ्या दिवशी केएम माल्टा एअरलाइन्स सुरू, विमानं तीच, जुना हिशोब मागे.

लोक विचारतात की छोट्या देशांनी मिळून एक कंपनी का काढू नये. काढल्या की. केनिया, युगांडा, टांझानियाची ईस्ट आफ्रिकन एअरवेज १९४६ ते १९७७. फ्रेंच बोलणाऱ्या अकरा आफ्रिकी देशांची एअर आफ्रिक १९६१ पासून, २००२ मध्ये संपली. गल्फ एअर एकेकाळी बहरीन, कतार, अबूधाबी आणि ओमानची मिळून होती, एकेक करत सगळे बाहेर पडले आणि २००७ नंतर फक्त बहरीनची राहिली. एकत्र कुटुंबातल्या वाटणीसारखंच असतं हे, विमानतळ प्रत्येकाला आपल्याच दारात हवा, आणि बिल आलं की प्रत्येकजण खिडकीबाहेर बघतो.

एक विमानाचा धोका किती खरा आहे ते मे २०२४ मध्ये पॅसिफिकमधल्या वानुआतू देशाच्या एअर वानुआतूने दाखवलं. त्यांचं एकमेव ७३७ मेंटेनन्समध्ये लांबलं, आंतरराष्ट्रीय फेऱ्या रद्द होत गेल्या, आणि कंपनी लिक्विडेशनमध्ये म्हणजे दिवाळखोरीत गेली, पर्यटक जिथल्या तिथे अडकले. नवं विमान घेतलं म्हणून सुटका होते असंही नाही. एअर टांझानियाने नवीकोरी ए२२० घेतली आणि २०२२ मध्ये इंजिनांच्या त्रासामुळे त्यातली काही उभी राहिली, बदली इंजिनं मिळेनात. तोच त्रास लाटव्हियाच्या एअरबाल्टिकलाही झाला, त्यांच्याकडे तर सगळा ताफाच ए२२० चा, पण विमानांची संख्या जास्त म्हणून दम धरता आला, इकडून तिकडून भाड्याची विमानं आणून वेळापत्रक रेटलं. आजार एकच, फक्त अंगात रक्त किती त्यावर ठरतं.

कुठलीही अनोळखी एअरलाइन बघायची असेल तर मी आधी वेबसाइट बघत नाही. शेपटीजवळची नोंदणीची अक्षरं बघतो, चेक कुठे करतात विचारतो, गेल्या पाच वर्षांत प्रमुख किती बदलले ते मोजतो, आणि रेकॉर्ड रूम दाखवा म्हणतो. एकदा लँडिंग गिअरच्या एका पार्टचा जन्मापासूनचा हिशोब मागितला, तो लावलेलं विमान किती वेळा जमिनीवर उतरलं हे मोजलेलं नसेल तर पार्ट दिसायला नवा असला तरी किंमत भंगाराची. तीन दिवस खोक्यांमधून कागद उपसले, एक पान सापडेना. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या स्टोअरकीपरने स्वतःच्या ड्रॉवरमधून काढून दिलं, म्हणाला हे हरवू नये म्हणून मीच बाजूला ठेवलं होतं. त्या कंपनीबद्दल माझं मत त्या एका माणसामुळे चांगलं झालं.

आता बघण्यासारख्या कुठल्या, तर मला विचाराल तर सगळ्यात छोट्या. फॉकलंड बेटांची सरकारी हवाई सेवा, लाल रंगाची आयलँडर विमानं, ठरलेलं टाइमटेबलच नाही, कुणाला कुठे जायचंय ते गोळा करून दुसऱ्या दिवसाचा मार्ग आखतात आणि संध्याकाळी रेडिओवर सांगतात. आता बंद पडलेल्या सामोआ एअरने २०१३ मध्ये तिकीट माणसाच्या वजनावर लावलं, जगभर हसले लोक, पण आठ-नऊ सीटांच्या विमानात वजन हाच खरा हिशोब असतो, त्यांनी फक्त तो काउंटरवर आणला.

आणि स्कॉटलंडच्या ऑर्कनीमध्ये लोगनएअरची वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे फ्लाइट, अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा मागून असला तर एक मिनिटाच्या आत, विक्रम ५३ सेकंदांचा आहे. शाळेचे शिक्षक, डॉक्टर यातूनच जातात. तिथे बुकिंग केलंत तर विंडो सीट मागू नका, विमान एवढं अरुंद आहे की खिडकी सगळ्यांनाच मिळते, पायलटच्या शेजारची सीट रिकामी आहे का ते विचारा.